सव्वा मिनिट

मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईकडे बघून लोकांना वाटतं, हिला कोणीतरी कुठेतरी सोडायला चाललंय. पाच वर्षं मी माझ्या धाकट्या भावाच्या मागे बसून रॅली केल्या, आणि पाचही वर्षं सुरुवातीच्या रांगेत कोणीतरी मला विचारलंच, "मॅडम, तुम्ही बघायला आलात का?" मी म्हणायचे, "नाही, मी ह्याला वाट दाखवायला आले." जरा तोऱ्यातच म्हणायचे, आता कबूल करायला हरकत नाही.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही शर्यत नव्हे. इथे जोरात जाणारा हरतो. सकाळी निघताना हातात एक वही देतात, तिला रोडबुक म्हणतात. तिच्यात गावांची नावं नसतात. प्रत्येक वळणाचं एक छोटं चित्र असतं, खाली ठिपका आणि वर बाण. सोबत वेगाचा तक्ता असतो: इथून इथपर्यंत ताशी अडतीसने जा, पुढे ताशी चाळीसने जा. वाटेत कुठेतरी, चिंचेखाली नाहीतर द्राक्षबागेच्या कुंपणाआड, घड्याळ घेऊन मार्शल लपून बसलेले असतात. तुम्ही तिथून नेमकं किती वाजून किती सेकंदांनी जायला हवं, हे त्यांच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. एक सेकंद उशीर झाला तर एक गुण दंड, एक सेकंद लवकर गेलात तर दोन. दोन दिवस, चारेकशे किलोमीटर, आणि शेवटी ज्यांचा दंड सगळ्यात कमी ती जोडी पहिली.

म्हणजे पुढच्याचे हात आणि मागच्याचं डोकं. आमच्या गटात मागच्याला कागद, पेन्सिल, साधं घड्याळ आणि किराणा दुकानात असतो तसला कॅलक्युलेटर एवढंच चालतं. फोन सुरुवातीलाच कागदी पाकिटात घालून वर पट्टी चिकटवतात आणि पट्टीवर सही करतात. पट्टी फाटली की जोडी बाद.

डोकं माझं, असं आम्ही दोघं मानत होतो. निदान मी तरी मानत होते.

मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे. शेताच्या हद्दी मोजून खुणा दाखवणं हे माझं काम. दिंडोरी भागातली कितीतरी भांडणं मी बांधावर उभं राहून ऐकली आहेत. दोन सख्खे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि दोघंही देवाशपथ सांगतात की दगड पहिल्यापासून इथेच होता. मी दोघांनाही चहा प्यायला सांगते आणि यंत्र लावते. माणसं काय वाटेल ते सांगतात, अंतर सांगत नाही. घरी येऊन मी आईला म्हणायचे, आपल्याकडे बांध नाही आणि भाऊ एकच आहे, हे आपलं नशीब.

अडतिसाव्या वर्षी सासर सोडून मी नाशिकला परत आले. का सोडलं ते इथे सांगत बसत नाही. त्यानंतरचं वर्ष मी ऑफिस आणि माझी खोली याशिवाय काही पाहिलं नाही. खोलीत बसून भिंतीकडे बघायचे, आणि आईने हाक मारली की झोपल्याचं सोंग घ्यायचे. भावाचं सातपूरला मोटारसायकलचं गॅरेज आहे. एक दिवस तो माझ्या खोलीत आला, जुनं रोडबुक पलंगावर टाकलं आणि म्हणाला, "ताई, यातलं मला काही कळत नाही. तू दिवसभर हेच करतेस ना? चल माझ्या मागे."

मी वही उघडली. अर्ध्या तासाने मी पेन्सिल शोधत होते. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर जेवले, हे आई अजून सांगते.

पहिल्या वर्षी आमची पार नाचक्की झाली. चांदवडच्या अलीकडे एक वळण मी चुकवलं आणि आम्ही थेट एका कांद्याच्या खळ्यात घुसलो. ढिगापाशी बसलेली बाई कांदे निवडायची थांबली नाही. म्हणाली, "तिकडं कुठं चाललाय? तिकडं रस्ता नाय, मळा हाय निस्ता. तुमचे लोक कवाच गेले." मग म्हणाली, "लय घाई हाय का? मंग घरूनच लवकर निघायचं." तिथून पुढे माझी सगळी गणितं कोलमडली. आम्ही खालून दुसरे आलो. मी घरी येऊन आठ दिवस भावाशी धड बोलले नाही. राग त्याच्यावर नव्हता, स्वतःवर होता, पण माझ्या तोंडावरून ते कळत नाही असं सगळे म्हणतात.

मग मी झटून तयारीला लागले. रविवारी सकाळी आम्ही सरावाला जायचो, कधी त्र्यंबककडे, कधी इगतपुरीपर्यंत. गाडी चालू असताना हेल्मेटमधून बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. मी त्याच्या खांद्यावरून वाकून मीटर बघायची, मांडीला बांधलेल्या फळीवर हिशेब करायची आणि त्याला सांगायची. उजव्या खांद्यावर टपली म्हणजे वाढव, डाव्या खांद्यावर म्हणजे कमी कर. पाठीवर सपाट हात म्हणजे बरोबर चाललंय, असाच चल.

हा सपाट हात मला फार आवडायचा. दिंडोरीच्या पुढे दोन्हीकडे द्राक्षबागा, थंडीची सकाळ, फवारणीचा वास, आणि माझा हात भावाच्या पाठीवर. पुढे दोन किलोमीटर, तीन किलोमीटर काही बदलायचं नाही. आयुष्यात माझं एवढं बरोबर कधी चाललं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिसरे आलो. तिसऱ्या वर्षी दुसरे. चौथ्या वर्षी पहिले, आणि शिवाय उत्कृष्ट मार्गदर्शकाची वेगळी ढाल मला एकटीला मिळाली. ऑफिसमध्ये साहेबांनी पेढे वाटले. माझी चाळिशी उलटून गेली होती आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी आहे. भावाच्या गॅरेजमध्ये आमचा दोघांचा मोठा फोटो लागला. नाशिकमधली रॅली करणारी पोरं गाडी तयार करायला त्याच्याकडेच येऊ लागली. तो सगळ्यांना सांगायचा, "गाडी काय, कोणीही चालवतं. आमची ताई म्हणजे मशीन आहे." मी लटकं रागवायचे आणि आतून फुलायचे.

आता पाचवं वर्ष. डिसेंबर महिना होता. पहिल्या दिवशी पेठ-सुरगाण्याकडचे घाट झाले. परतीला एका दगडावर पुढचं टायर कापलं गेलं. संध्याकाळी भावाने गॅरेजमध्ये नवंकोरं टायर चढवलं. त्यात वावगं काही नाही, नियमात बसतं.

इथे थोडं गणित आहे, पण कठीण नाही. गाडीचं मीटर पुढच्या चाकावर चालतं. संयोजक रस्ता स्वतः मोजतात, आणि त्यांचे दहा किलोमीटर म्हणजे आपल्या मीटरचे दहा असतीलच असं नाही. म्हणून रोज सकाळी पहिले दहा किलोमीटर नुसते मीटर ताडून बघायला देतात. आमचं जुनं टायर झिजलेलं होतं. झिजलेलं चाक लहान, म्हणून जास्त फिरतं आणि मीटर जास्त दाखवतं: दहा किलोमीटरला शंभर मीटर जास्त. चार वर्षं मी दर दहा किलोमीटरला शंभर मीटर वजा करत आले होते. माझ्या हाताला ती सवयच लागली होती, भाजीत मीठ घालताना चमचा बघावा लागत नाही तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा किलोमीटर संपले तेव्हा शंभर मीटरचाच फरक होता. मी मनात म्हटलं, नेहमीचंच. आणि वजा करायला लागले. फरक उलट्या बाजूचा होता. नवं चाक मोठं, म्हणून मीटर कमी दाखवत होतं. मला मिळवायला हवं होतं. वीस वर्षं मोजणी करणाऱ्या बाईने अधिक आणि उणे यांत घोळ घातला. शाळेतल्या पोराला मी यासाठी बाकावर उभं केलं असतं.

वणीवरून चांदवडकडे जाणारा टप्पा होता. त्यात मुद्दाम नुसती वळणांची चित्रं दिली होती, अंतरं गाळली होती. म्हणजे चुकलं तरी लक्षात येण्याची सोय नव्हती. माझ्या हिशेबाप्रमाणे आम्ही मागे पडायला लागलो. मी उजव्या खांद्यावर टपली मारली. त्याने जरा गाडी ओढली, पुन्हा सोडून दिली. मी पुन्हा मारली. पहिल्या मार्शलपाशी माझ्या हिशेबाने वीस सेकंद उशीर. दुसऱ्यापाशी पंचेचाळीस. मी त्याचा खांदा अक्षरशः बडवून काढला. रस्त्यात कांद्याचे ट्रॅक्टर होते, हे खरं, पण ओलांडून जाता येत नव्हतं असं नाही. तिसऱ्यापाशी, टप्प्याच्या शेवटी, मी पानावर लिहिलं: उशीर, पंचाहत्तर सेकंद. खाली दोन रेघा मारल्या.

टप्पा संपला की तिथला मार्शल रोडबुकच्या त्याच पानावर सही करतो. तो सही करत असतानाच मी हेल्मेट काढून भावाला झापलं, "सव्वा मिनिट घालवलंस. झोप लागली होती का?" मार्शल हसायला लागला. भाऊ म्हणाला, "ट्रॅक्टर होते ना ताई मध्ये." आणि पाणी प्यायला निघून गेला.

जेवणाच्या वेळी मी पानं उलटून बघायला लागले, हीसुद्धा सवयच. आणि मला ते शंभर मीटर दिसले. आधी विश्वास बसेना. हाताने पुन्हा गणित मांडलं. आम्हाला उशीर झालाच नव्हता. मी म्हणत होते तसा त्याने वेग वाढवला असता, तर शेवटच्या मार्शलपाशी आम्ही सव्वा मिनिट लवकर पोचलो असतो, आणि लवकरचा दंड दुप्पट. माझ्यामुळे सगळी रॅली गेली असती. ट्रॅक्टरवाल्यांचे उपकार मानावेत की काय, असं मला झालं.

मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, निदान कपाळाला हात लावेल. तो म्हणाला, "जाऊ दे ताई. होतं असं. तू टेन्शन घेऊ नकोस, निकाल चांगलाच लागेल." तो इतका निवांत होता की मला त्याचं कौतुक वाटलं. मनात म्हटलं, किती मोठं मन आहे.

चार वाजता हॉटेलच्या लॉनवर निकालाचे कागद लावले. आम्ही पहिले होतो. लोक माझ्याशी हात मिळवत होते आणि मी त्यांच्या हातांमधून कागदाकडे जात होते, कारण मला तो टप्पा बघायचा होता. बोट फिरवत आमच्या ओळीवर आले. पहिला मार्शल, दंड एक. दुसरा मार्शल, दंड शून्य. तिसरा मार्शल, दंड शून्य.

ट्रॅक्टरमुळे माणूस नशिबाने एकदा वेळेवर पोचेल. तीन वेळा, सेकंदाला सेकंद, नाही. मी त्या शून्यांकडे बघत उभी राहिले. मी सबंध टप्पाभर चुकीचं सांगत होते, आणि गाडी बरोबर चालली होती. याचा अर्थ एकच होत होता, आणि तो मला नको होता. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. उत्कृष्ट मार्गदर्शकाची ढाल दुसऱ्यांदा मला. मी स्टेजवर गेले, ढाल घेतली, फोटोसाठी हसले. त्या फोटोत मी खरंच छान दिसते आहे.

घरी जाताना मी मागून विचारलं नाही. मागून विचारलेलं ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गॅरेजवर गेले. तो एका गाडीखाली होता. त्याचं हेल्मेट कपाटावर होतं. मी ते उचलून डोक्यात घातलं. उजव्या कानाशी काहीतरी टोचलं. अस्तर दाबून पाहिलं, तर शर्टाच्या बटणाएवढा स्पीकर शिवलेला होता.

"गाण्यांसाठी आहे," तो गाडीखालून बाहेर येत म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं.

"रॅलीत गाणी ऐकतोस?"

तो हात पुसत राहिला. मग त्याने सांगितलं. दोन फोन होते. एक पाकिटात जायचा, दुसरा जॅकेटच्या आतल्या खिशात. त्या फोनमध्ये वेगाचा तक्ता भरून ठेवला, की तो उपग्रहावरून अंतर काढतो आणि कानात सांगतो. तक्ता निघण्याआधी बोर्डावर लावलेला असतोच. मी पेन्सिली तासत असताना हा टायरची हवा बघून येतो म्हणून जायचा आणि भरून यायचा. कानात एक बाई बोलायची: तीन सेकंद उशीर, दोन सेकंद लवकर, बरोबर.

"किती वर्षं?"

"दुसऱ्या वर्षापासून."

म्हणजे चार वर्षं मी मागे बसून खांदे बडवत होते आणि त्याच्या कानात दुसरीच बाई बोलत होती. आणि मला कधी कळलं नाही, कारण चार वर्षं आमचं दोघींचं एकमत होतं. मी टपली मारायची तेव्हा तीही तेच सांगत असणार. मी पाठीवर हात ठेवायची तेव्हा ती म्हणत असणार, बरोबर. आमचं पहिल्यांदा पटलं नाही ते आदल्या दिवशी, आणि त्याने क्षणभरही विचार न करता तिचं ऐकलं.

मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, तुझ्यासाठीच केलं. पहिल्या वर्षी हरल्यावर तू आठ दिवस बोलली नव्हतीस. मला वाटलं, ही परत खोलीत जाऊन बसणार. आई रोज रडायची गं तेव्हा. मी ठरवलं, हिला हरू द्यायचं नाही."

"म्हणजे माझ्यावर दया केलीस."

"दया काय त्यात. भाऊ आहे मी तुझा."

एखाद्याने मला लुबाडलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. हे मला कुठे धरावं तेच कळेना. ज्या गोष्टीवर मी उभी राहिले होते ती त्याने माझ्यासाठी खोटी बनवून आणली होती, आणि वर माझ्या तोंडावर मला मशीन म्हणत होता. मला रडू आलं नाही, संताप आला. मी म्हटलं, "दोन्ही वर्षांच्या ढाली परत करायच्या. तू स्वतः जाऊन सांगायचं. आठ दिवस देते."

"ताई, गॅरेज बुडेल. पोरं माझ्याकडे येतात ती कशामुळे?"

"आठ दिवस," मी म्हटलं.

ते आठ दिवस मी घरी बसून जुनी रोडबुकं तपासली. मी एकही फेकलेलं नाही. प्रत्येक मार्शलपाशी मी पानावर लिहून ठेवते: माझ्या हिशेबाने आत्ता इतके सेकंद लवकर किंवा उशीर. शेजारी निकालाचे कागद ठेवले आणि ओळीने ताडून पाहिलं. तीन वर्षांत माझा हिशेब दोन-तीन सेकंदांच्या पलीकडे कुठेही चुकला नव्हता. त्या बाईची मला गरजच नव्हती. भावाने फोन नाशकात घरी ठेवला असता आणि नुसतं माझं ऐकलं असतं, तरी आम्ही तिथेच पोचलो असतो. आनंद व्हायला हवा होता. मी जमिनीवर बसून, पानं मांडीवर घेऊन, त्या दिवशी रडले. कारण हे आता मी कोणाला सांगणार? कोण मानणार?

आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाला, पुढच्या आठवड्यात जातो. मग मीच संयोजकांना पत्र लिहिलं. काय झालं ते चार ओळींत लिहिलं. मला माहीत नव्हतं, हेही लिहिलं. तीही एक ओळ होती.

रविवारी सकाळी आम्हा दोघांना बोलावलं. गंगापूर रोडला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली आहे. मार्ग आखणारे गृहस्थ होते, निवृत्त इंजिनिअर, त्यांना सगळे काका म्हणतात. आणखी दोन जण होते, ते फारसं बोलले नाहीत. मी दोन्ही ढाली टेबलावर ठेवल्या. भावाने सगळं मान्य केलं. फोन, स्पीकर, चार वर्षं. सरळ बोलला, मला वाटलं बरं झालं, सुटलो.

मग काकांनी चष्मा काढून विचारलं, "आणि ताईंना माहीत होतं?"

प्रश्न मला नव्हता. त्याला होता. त्याने टेबलाकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होते, आणि खरं सांगते, मला काळजी वाटली नाही. उत्तर काय येणार हे मला ठाऊक होतं.

तो म्हणाला, "माहीत होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं."

मला आधी वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. काका माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. एका गाडीवर, एवढं जवळ बसून, मागच्या माणसाला माहीत नाही, असं कोणाला खरं वाटेल? मलाही दुसऱ्या कोणाबद्दल वाटलं नसतं. तो असं का म्हणाला हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. रॅलीत लबाडी केली, हे नाशिकमधली पोरं सहा महिन्यांत हसण्यावारी नेतील. सख्ख्या बहिणीला चार वर्षं उल्लू बनवलं, हे नेणार नाहीत. लबाडांची जोडी म्हणवून घेणं त्याला सोपं होतं. त्या जोडीत त्याने मला ओढलं.

बोलून काय करणार? माझ्याकडे माझ्या बाजूने साक्ष देणारी एकच गोष्ट होती आणि ती कोणाला दिसू नये म्हणून मी घरी लपवून ठेवणार होते. येताना का कोण जाणे, पिशवीत टाकली होती. मी यंदाचं रोडबुक काढलं, ते पान उघडलं आणि काकांसमोर ठेवलं. वीस सेकंद उशीर. पंचेचाळीस सेकंद उशीर. पंचाहत्तर सेकंद उशीर, खाली दोन रेघा. आणि त्याखाली त्यांच्याच मार्शलची सही.

काकांनी निकालाचा कागद मागवला. एक, शून्य, शून्य. त्यांनी कॅलक्युलेटर पुढे ओढला आणि माझं गणित पहिल्यापासून करायला लागले. मी बोट ठेवून दाखवलं, "इथे. टायर नवीन होतं. मिळवायच्या जागी वजा केलं."

"तुम्ही?" काका म्हणाले. "इतकी साधी चूक?"

"हो," मी म्हटलं. "मी."

खोलीत सगळे त्या पानाकडे बघत होते. वीस वर्षांत माझ्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता मीच माझं बोट त्यावर धरून बसले होते, नीट दिसावं म्हणून. काकांनी रोडबुक मिटलं आणि भावाला म्हणाले, "हिला माहीत असतं, तर ही टप्पाभर तुझ्या नावाने बोटं मोडत कशाला बसली असती?"

मी वाट पाहिली. अजूनही तो म्हणू शकला असता की नव्हतं माहीत, मी खोटं बोललो. एवढं म्हणाला असता तरी मी त्याला तिथेच माफ केलं असतं, मी तशीच आहे. तो म्हणाला नाही. मला माहीत नव्हतं, असं काकांनीच लिहून घेतलं. त्याला दोन वर्षं बंदी, मला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या चालकाबरोबर जरूर या, असंही ते म्हणाले. मी बरं म्हटलं.

खाली आलो. त्याने गाडी स्टँडवरून काढली, सुरू केली आणि माझं हेल्मेट माझ्यापुढे धरलं. "बस ताई," तो म्हणाला. "घरी सोडतो."

"वर एक शब्द बोलला असतास तर बसले असते."

मी हेल्मेट घेतलं, काखेत धरलं आणि चालायला लागले. घर तिथून चार किलोमीटर. तो थोडा वेळ माझ्या मागोमाग पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने येत राहिला. सिग्नलपाशी मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा पुढे निघून गेला.